गुलाबी अळीच्या मागावर तीर्थपुरीला

अक्काचा फोन आला आणि मी जालन्याकडं जाणाऱ्या एसटीचं तिकीट काढलं. जानेवारीत मराठवाड्यात जायला खरं तर निमित्त लागत नाही, हुरड्याचे दिवस असतात. पण यावेळी माझी ही थोरली बहीण फोनवर भांडल्यासारखीच बोलत होती. "तू दहावीच्या पोरांना उत्क्रांती शिकवतीस न्हाई का? मंग येऊन माझ्या दिराला शिकव."

भानगड अशी. दाजी जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळं तीर्थपुरीजवळचं रान अक्काच बघते. गेल्या साली गुलाबी बोंडअळीनं तिच्या कपाशीची माती केली. पुढच्या हंगामात पुन्हा तेच झालं तर रान धाकट्या भावाला, प्रभाकरला, बटईनं म्हणजे वाट्यानं कसायला देऊन जालन्याला राहायला ये, असं दाजींनी निक्षून सांगितलंय. म्हणून तिनं वेचणी झाल्याबरोबर कपाशी उपटली. दीर प्रभाकरनं मात्र बांधापलीकडं फरदड ठेवली, म्हणजे जुन्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची. अळीला आयती खानावळ!

पुण्याहून जालना, तिथं गाडी बदलून अंबडवरून तीर्थपुरी, यात अख्खा दिवस जातो. बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच दिलासा. वेळ असेल तर अंबडला उतरून मत्स्योदरी देवीची टेकडी चढा आणि खाली मोसंबी घ्या. मी मोसंबी घेतली, टेकडी राहिली. अंबडच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रखडत होती आणि प्रभाकरशी काय बोलायचं याची मी मनात उजळणी करत होते. वर्गात कुणी उलट बोललं तर गप्प बसवता येतं, इथं ती सोय नव्हती.

सकाळी हुरडा भाजायच्या निमित्तानं अक्कानं त्याला बोलावलं. तो आला, पण तिच्याकडं बघेना. बीटी कपाशीच्या झाडातच अळीसाठी विष असतं, तरी अळी मरत नाही, असं मी म्हणताच त्यानं मान हलवली. "अळी सवकली, मॅडम, इखाची सवय झाली तिला. आता कुणी काय करून उपयोग न्हाई."

मी म्हटलं, एकही अळी सवकत नाही, जिला विष बाधतं ती मरतेच. पण हजारांत एखादी जन्मतःच थोडी वेगळी निघते आणि तगते. तिचीच पिलावळ पुढं रान भरते, आणि फरदडीवर तिला आणखी पिढ्या काढायला मिळतात. त्याला पटेना. मग मी त्याच्याच ज्वारीकडं बोट दाखवलं. बियाण्यासाठी ठोसर कणसं तो वेगळी काढतोच की! तिथं निवड तो करतो, इथं विष करतं.

त्यानं हातातलं कणीस चोळून दाणे माझ्यापुढं टाकले. मग म्हणाला, "मी उपटली अन् गावानं न्हाई उपटली, मंग?"

खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून मी कबूल केलं की मग शेजारच्या रानातून अळी येणारच. तो उठून गेला. अक्का दिवसभर माझ्यावर घुश्शात होती. परतीच्या गाडीत मला स्वतःचाच राग येत होता.

पुण्यात आल्यावर आठवडाभरानं तिचा फोटो आला. प्रभाकरचं रान नांगरलेलं! मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. मग फोटो नीट पाहिला. अक्काच्या घराच्या भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा, म्हणजे उपटलेल्या कपाशीच्या झाडांचा, मोठा ढीग होता. मी लगेच फोन केला.

"प्रभाकरनं देल्या," ती खुशीत म्हणाली. "गावाचं गाव बघंल, मी माझ्यापुरतं उपटतो म्हणला. सालभराचं जळण झालं."

त्या पऱ्हाट्यांवर न फुटलेली बोंडं होती. त्यांत अळी झोपून राहते आणि पाऊस पडला की पतंग होऊन बाहेर येते, हे मी तिला सांगितलं. 

"म्हंजे मी माझ्याच दारात आणून ठेवली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बोंडं तोडून जाळली, प्रभाकरही बसला होता म्हणे. उत्क्रांतीचा धडा शिकवताना मी अजून लाखो वर्षांच्या गोष्टी सांगते, पण आता माझं लक्ष जूनच्या पावसाकडं लागलेलं असतं. परवा फोनवर अक्कानं विचारलं, "मेल्या असतील ना गं सगळ्या?"

मी हो म्हणाले. सगळ्या कधीच मरत नाहीत, एखादी उरतेच, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.