फ्रीजमधल्या अठरा नळ्या

माझं तोंड वाईट हाय, आख्खं मांडवगण फराटा सांगंल. मी जयसिंग. गावच्या डेअरीवर दूध घेतो, फॅट काढतो, आन् पाणी घातलेलं सापडलं की घालणाऱ्याच्या सात पिढ्या काढतो. पण अयुबच्या पोरीचं, महेजबीनचं वाटोळं झालं ते माझ्या शिव्यांनी न्हाई. माझ्या चांगुलपणानं झालं.

अयुबचा आन् माझा उभा दावा. पंधरा वर्षांमागं भर मीटिंगमध्ये त्यो म्हणला, "जयसिंगचं फॅट मशीन खोटं बोलतं." माझं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी त्याचं कॅन मुद्दाम उन्हात ठेवलं, आन् दुपारी नासलं म्हणून परत धाडलं. कॅन आणायची-न्यायची ती ही पोरगीच, सायकलवर, दोन वेण्या घालून. म्हणलं, हिला काय कळतंय!

तीच पोरगी पुण्यात शिकली. पीएचडी करायला लागली आन् गेल्या वर्षी रक्त मागत गावात आली. लोकांनी काय कमी छळलं तिला? "रक्त विकती ही," रंगुबाईनं तर चारचौघांत तोंडावर सांगितलं. तरी ती दारोदार फिरून समजवायची, "जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी असत्यात, प्लेटलेट म्हणत्यात त्यांना. हृदयाचा त्रास असलेल्या माणसात त्या पांढऱ्या पेशींना किती चिकटत्यात, ते मला बघायचंय. एकदा आत्ता आन् एकदा वर्षानं, त्याच माणसाचं." अठरा जण कसेबसे तयार झाले. रंगुबाईसुद्धा. माझ्या छातीतबी जाळी बसवलेली हाय, म्हणून मलाबी विचारलं. मी म्हणलं, "चल, निघ! तुझ्या बापाचं काढ." गुमान गेली.

यंदा मे महिन्यात दुसरी फेरी. तिच्या पीएचडीची मुदत संपत आलेली, पुन्हा वाढवून मिळणार न्हवती. चेअरमन सावळाराम आप्पांनी सांगितलं म्हणून मी डेअरीत टेबल दिलं, न्हाईतर उभी केली नसती. सकाळी आठ वाजेस्तोवर अठरा नळ्या भरल्या. त्या लगेच दौंडच्या लॅबला न्यायच्या, तर अयुबची पिकअप वाटेत पंक्चर. ती फोन करत रस्त्यावर गेली. जाताना म्हणली, "मामा, जरा लक्ष ठेवा."

पत्रा तापायला लागला तसा मला घाम फुटला. आरं, रक्त नासंल की! वर्षभर चपला झिजवल्यात पोरीनं. खरं सांगतो, उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या घरासाठी माझा जीव कळवळला. दुधाची सॅम्पलं ठेवायचा फ्रीज व्हता. त्यात सगळ्या नळ्या नीट उभ्या करून ठेवल्या, आन् स्वतःवरच खूश झालो.

तासाभरानं ती आली, मोकळं टेबल बघितलं. मी ऐटीत फ्रीज उघडून दाखवला तर ती किंचाळलीच. म्हणं गार लागलं की त्या पेशींचा आकारच बदलतो, आपोआप चिकटाय लागत्यात. मग रोगानं चिकटल्या का फ्रीजनं, कोण सांगणार? अठराच्या अठरा वाया.

"मुद्दाम केलं ह्यानं!" रंगुबाई बोंबलली. काल पोरीला रक्त विकणारी म्हणणारी, आज लागली माझ्यावर भुंकायला! तरीबी मी तिच्याच पाया पडलो, पुन्हा रक्त दे म्हणून. मग बाकीच्यांची दारं धरली. "रक्त काय दूध हाय का, दोन टाइम काढायला?" एकानं म्हणलं, आन् सगळ्यांनी तेच पाठ केलं. आग लागो असल्या गावाला.

परत आलो तर ती नळ्या आवरत व्हती.

"पोरी, मुद्दाम न्हाई गं केलं."

"ठाव हाय, मामा. मुद्दाम करायचं असतं तर तुम्ही उन्हात ठेवलं असतं. आमचं कॅन ठेवलं व्हतं तसं."

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं पोरीला माहीत व्हतं, आन् तरी नळ्या माझ्या भरवशावर ठेवून गेली. बाही वर सारली, हात तिच्यापुढं धरला.

"माझं काढ. पायजे तेवढं काढ."

तिनं हाताकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"तुमचं चालत न्हाई, मामा. गेल्या सालचं तुमचं रक्त कुठंय माझ्याकडं?"