पाणी उकळणारी चूल

नव्वदच्या दशकात मी बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत बिनधुराच्या चुलींवर काम करत होतो. काम म्हणजे आकडेमोड. येलहंक्याच्या आमच्या घरी गॅस होता आणि तोही पेटवायची वेळ माझ्यावर क्वचितच यायची. "तुम्ही स्वतः कधी चहा तरी केलाय का?" असं बायकोनं विचारलं, की मी उष्णतेच्या वहनावर बोलायला लागायचो. मग ती उठून जायची.

सरकारी अनुदान फक्त चाचणीत पास झालेल्या चुलीला मिळायचं. ठरावीक लाकडांवर किती पाणी किती वेळात उकळतं, एवढीच ती चाचणी. तिचा मसुदा नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच लिहिला होता. जेवण प्रांतागणिक बदलतं, पाणी मात्र सगळीकडे सारखंच, असं एक ऐटबाज वाक्यही त्यात घातलं होतं. ते आमच्या साहेबांना आवडलं, दिल्लीच्या समितीला आवडलं आणि बघता बघता त्याचा नियम झाला. पुढे त्या नियमात बसेल अशी चूल करायचं काम माझ्याकडेच आलं. पेपर मीच काढलेला आणि परीक्षेला बसणारही मीच. नापास कसा होणार?

जाड माती उष्णता पिते, म्हणून मी चुलीच्या भिंती पातळ केल्या. प्रयोगशाळेत पाणी असं झटक्यात उकळलं, की मी स्वतःच हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

आता एका खऱ्या घरात चूल बसवून दाखवायची होती. तिथे पास झाली की पूर्ण जिल्ह्यात तीच लागणार होती. होसकोट्यापलीकडच्या एका गावातलं घर मी निवडलं, तेही अगदी शास्त्रीय निकषावर. त्या घरात मराठी बोलत. माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, या दोन शब्दांपाशी संपत होतं. त्या लोकांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांमागे इकडे आलेले. घरच्या बाईंना मी अक्का म्हणायचो. त्यांना बरीच वर्षं खोकला होता.

"डॉक्टर म्हणतात, धूर सोडा. धूर सोडून स्वयंपाक कुठं करू सांगा, अण्णा?"

मी येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी आपली जुनी चूल स्वतःच्या हातांनी फोडून टाकली होती. एवढ्या विश्वासाची खरं तर मला भीती वाटायला हवी होती. मला तो माझा मानच वाटला.

पहिल्या दिवशी पाणी उकळलं, धूर नळीतून वर गेला. अक्कांनी स्वयंपाकघरात उभं राहून एक लांब श्वास घेतला आणि त्या खोकल्या नाहीत. घरी येऊन मी बायकोला हे दोनदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी एका सरकारी अधिकाऱ्यांना घेऊन गेलो. चूल ताजी सारवलेली होती, पुढे रांगोळीही होती. पाणी वेळेच्या आत उकळलं. "पसंत आहे का?" असं अधिकाऱ्यांनी विचारलं आणि मी ते मराठीत सांगितलं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सरी आहे. पाणी लवकर उकळतं." फॉर्मवर सही झाली.

मग अक्कांनी आम्हाला जेवायला बसवलं. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे वाफाळते गोळे, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी. "आमच्या चुलीवरचं आहे बरं का!" मी अधिकाऱ्यांना छाती फुगवून सांगितलं. अक्कांनी मान खाली घातली. त्या खोकत होत्या. सकाळपासूनच खोकत होत्या, पण हवा गार होती म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो, तर तीन दगड मांडलेले आणि त्यांच्यात ओली लाकडं धुमसत होती. शेजारी काळं पातेलं.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन मागून आल्या. "तुमची चूल दुसऱ्या दिवशीच तडकली, अण्णा. आम्ही भांडं चुलीवर असतानाच पीठ घोटतो. अंगाचा भार टाकून घोटावं लागतं. स्वल्प हळू केलं तर गुठळ्या होतात."

"मग मला कळवलं का नाही?"

"चूल मोडली म्हटलं तर तुमचे साहेब तुम्हाला रागावतील. म्हणून सारवून ठेवली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे लोक रोज काय जेवतात, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचा पगार घेत होतो. जाऊन अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "यात पीठ घोटायचा रकाना नाही हो. आणि चाचणी तुमच्याच संस्थेनं ठरवलीय ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला चावणार?

पुढच्या रविवारी मी एकटाच बसनं गेलो. चांगल्या वीतभर जाडीच्या भिंतींची चूल बांधली. बांधली म्हणजे अक्कांनीच बांधली, मी माती तुडवली. ती वाळल्यावर पुन्हा जाऊन सवयीनं पाण्याची चाचणी घेतली. सपशेल नापास. मग अक्कांनी पातेलं चढवलं आणि दांडक्यानं असं घोटलं, की माझे दात हलले. चूल हलली नाही. धूर नळीतून वर गेला. अक्का माझ्याबरोबर जेवायला बसल्या आणि पूर्ण जेवण होईपर्यंत एकदाही खोकल्या नाहीत.

जिल्ह्यातल्या गावांची यादी तोवर निघाली होती, पातळ भिंतीच्या चुलीची. ती बदलायची तर आधी नियम बदलायला हवा होता, आणि नियमासाठी समिती बसायला हवी होती.

अक्कांनी माझ्या ताटात आणखी एक गोळा ठेवला.

"आता बाकीच्या बायकांना पण हीच चूल देणार ना, अण्णा?"

"सरी," मी म्हणालो.