पांढरं रोप आणि काकांच्या कमरेची चावी

आमच्या लॅबमध्ये डीएनए उणे वीस डिग्रीवर ठेवतात, तरी कधी ना कधी तो खराब होतोच. किस्से मात्र टेबलावर उघडे पडलेले असतात आणि वर्षानुवर्षं ताजे राहतात. परवा गोंदिया स्टेशनवर एक जुना विद्यार्थी भेटला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाला, "मॅडम, ते बर्फगोळेवालं आठवते?" आणि माझी गाडी सुटली.

आठवते बाबा. न आठवून चालेल कसं!

२०१० नंतरचा एक उन्हाळा. आमच्या कॉलेजात जीन एडिटिंगचं हँड्स-ऑन ट्रेनिंग होतं. हैदराबादहून राव सर आले, सोबत त्यांचं डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन. धानाचा एक जीन नेमका कापायचा. तो कापला गेला की रोप हिरवं होतच नाही, पांढरं निघतं. म्हणजे पांढरं रोप आलं तर आपण पास.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, एक सफेद पौधा दिखा दो, मशीन यहीं छोड़ जाऊँगा. नहीं तो अगले कॉलेज को."

त्या मशीनसाठी मी अकरा वर्षं अर्ज करत होते. माझ्या वर्गातल्या पोरी प्रॅक्टिकलला नागपूरला जायच्या, काचेतून मशीन पाहायच्या आणि परत यायच्या. सरांचं वाक्य ऐकलं आणि त्या दिवसापासून माझं बूड खुर्चीला टेकलं नाही.

*

आमगावचा पटले रिसर्चला होता, रोज गाडीनं यायचा. पहिल्या दिवशी त्याच्या हातात पिपेट दिलं, एक मायक्रोलिटर उचलायला सांगितलं. त्यानं उचललं, टोक उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून पाहिलं.

"सर, इसमें तो कुछ आयाच नहीं."

"आया है. दिखता नहीं."

"फिर डाला के नहीं डाला, कब पता चलेगा?"

"दो महीने बाद," सर म्हणाले.

पटलेनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

*

जीन कापणाऱ्या एन्झाइमला बर्फ लागतो. आमच्याकडे बर्फाचं मशीन कुठलं! लॅब अटेंडंट श्यामराव काकांना सांगितलं, बर्फ आणा, दिवसभर पुरेल एवढा. काका नागऱ्याकडचे, घरची धानाची शेती. अर्धवट काम त्यांना जमत नाही. अर्ध्या तासात ते बर्फगोळेवाल्याला गाडीसकट व्हरांड्यात घेऊन आले.

सरांनी विचारलं, "ये कौन है?"

"बर्फ होय, सर," काका म्हणाले. "वितळला का हा अजून किसून देते."

पाच दिवस तो माणूस आमच्या दाराशी बर्फ किसत होता. एन्झाइम एकदाही गरम झालं नाही. चौथ्या दिवशी सरांची जीभ लालभडक होती.

*

ट्रेनिंग संपलं. दोन महिन्यांनी रोपं पाहायला येतो म्हणून सर गेले, मशीन खोक्यात घालून सोबत. ज्यांतून रोपं फुटायची ते धानाच्या पेशींचे गोळे बाटल्यांत, बाटल्या दिव्यांखाली, आणि दिवे वीज मंडळाच्या हाती. पावसाळ्यात लाइन रोज जायची. मी लाइनमनला इतके फोन केले की त्याला माझा आवाज पाठ झाला. एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, आत जीव आहेत, दवाखान्यासारखंच समजा." त्या दिवसापासून लाइन आली की त्याचाच फोन यायचा.

"मॅडम, लाइट सोडली. पेशंट कसा हाय?"

"अजून काही सांगता येत नाही," मी म्हणायचे. खरंच सांगता येत नव्हतं.

*

वाट पाहणं हा गुण माझ्यात देवानं घातलाच नाही. मी दिवसातून पाच वेळा बाटल्यांची खोली उघडायचे, बाटली उचलायचे, झाकण सैल करून आत डोकावायचे. व्हायचं तेच झालं, सहा बाटल्यांत बुरशी शिरली. मी काकांवरच भडकले. "काका, बिमारी दिसली की मला विचारत बसू नका. लगेच काढा, पिशवीत टाका, कुकरमध्ये लावा." ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या भांड्याला, काका कुकर म्हणतात, म्हणून आम्हीही.

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, धानाचे पऱ्हे टाकले का ते रोपं आमी रोज उपटून मुळं पाहतो का? तुमी काऊन पाहून राहिल्या?"

 त्यांनी हात पुढे केला. मी खोलीची चावी त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांच्या कमरेच्या करगोट्याला गेली, आणि महिनाभर मी बंद दारासमोर येरझाऱ्या घातल्या.

*

राव सर मशीनचा खोका घेऊन परत आले त्या सकाळी लाइन नव्हती. पटले टॉर्च घेऊन पुढे, मागे सर, त्यांच्यामागे मी. काकांनी दार उघडलं. रॅकवर बाटल्याच बाटल्या, सगळी रोपं हिरवीगार.

सरांनी एकेक बाटली पाहिली. मग हळूच माझ्याकडे वळले. "कोई बात नहीं, मॅडम. होता है."

काका मात्र खुशीत. "मस्त आहेत ना? बिमार होते ते आजच सकाळी काढून टाकले."

मी विचारलं, "बिमार म्हणजे कसे?"

"पांढरेफट. तीन होते. पऱ्ह्यात असं एक निघालं का आमी ठेवतच नाही."

"कुठं आहेत?"

"कुकरमध्ये. लाइन आली का लागते."

मी साडीचा घोळ धरून धावले. कॉरिडॉरमध्येच फोन वाजला. लाइनमन.

"मॅडम, लाइट सोडून राहिलो."

"सोडू नका!" मी ओरडले. "भाऊ, पाया पडते, दहा मिनिटं सोडू नका!"

 मग तो हळू आवाजात म्हणाला, "गेला का पेशंट?"

ऑटोक्लेव्हचं बटण बंद करता आलं असतं, हे मला संध्याकाळी सुचलं. झाकण उघडलं तेव्हा ते थंडगार होतं. पिशवीत तीन रोपं, मान टाकलेली, पण पांढरीशुभ्र. मला तिथंच रडू फुटलं.

सर म्हणाले, रोप आपोआपही पांढरं पडतं, जीन कापला गेला का ते तपासावं लागेल. रोपांतून डीएनए काढला, मशीनमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी डीएनएचे पट्टे दाखवणारी पारदर्शक वडी, म्हणजे जेल, दिव्यावर ठेवली. सर वाकून पाहत राहिले.  सर सरळ झाले, मशीनचा रिकामा खोका पायानं टेबलाखाली सरकवला आणि म्हणाले, "तीनों में कट है. मॅडम, इसका कवर सिलवा लेना, यहाँ धूल बहुत है."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका माझ्या खांद्यावरून जेलकडे पाहत होते.

"हे पट्टे कायचे, मॅडम?"

"रोप खरंच पांढरं होतं, त्याचा पुरावा, काका."

काकांनी करगोट्याची चावी सोडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"ते तर मी काल सकाळीच डोळ्यानं पाहिलं होतं," ते म्हणाले. "पांढरं पायजे होतं, हे मले कोणी सांगितलंच नाही."