अंगठ्याची युजर स्टोरी

सरांनी माझं मनगट धरलं आणि माझा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

शहरातल्या पंडरी भागातली आमच्या ऑफिसची मीटिंगची खोली. समोर सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यातले तीन साहेब, चहा, काजूची प्लेट. माझ्या डोक्यावर मजुरांचं पिवळं हेल्मेट. तेही सरांनीच घालायला लावलेलं. आमची कंपनी त्या कारखान्यासाठी हजेरीचं अॅप बनवत होती. त्याचा डेमो होता. अॅपला शाई लागत नाही, ती सरांची गंमत. गेटवरचा मजूर कोणाला तरी व्हायचं होतं. टीममधले आम्ही सहा जण होतो. सरांनी माझ्याकडेच बोट केलं.

माझा काळा अंगठा साहेबांना दाखवत ते म्हणाले, "ये असली यूज़र है। इनके यहाँ चार पीढ़ी से अंगूठा ही चलता है, ऐक्टिंग नहीं करनी पड़ती।"

साहेब हसले. टीम हसली. मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

मी इंजिनिअर आहे. आमच्या घरातली पहिली. सर ब्राह्मणपाऱ्यातले, म्हणजे ब्राह्मणांच्या जुन्या वस्तीतले, मराठीच. त्यांचे आजोबा नागपूरकडून इकडे, हिंदी मुलखात, रेल्वेत बाबू म्हणून आले. माझेही आजोबा तिकडूनच आले, रेल्वेतच. रुळांवर गँगमन म्हणून. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग म्हणाले, "म्हणजे निळे झेंडे लावता ते तुम्ही. छान. तुमची मुलं आता इथपर्यंत येतात." वडील काय करतात तेही विचारलं. मी सांगितलं, सिलतऱ्याला ठेक्यावर आहेत, भट्टीवर. लपवलं नाही. तो कारखाना हाच. सरांना माहीत होतं.

माझं काम युजर स्टोरी लिहिण्याचं. युजर स्टोरी म्हणजे एक साधं वाक्य. मी कोण, मला काय पाहिजे, कशासाठी पाहिजे. त्याखाली अटी, म्हणजे काम झालं हे कशावरून मानायचं. त्यावरून प्रोग्रॅम लिहिणारे पोट्टे प्रोग्रॅम लिहितात. मला हे काम फार आवडायचं. वाटायचं, ज्याला कोणी विचारत नाही, त्याला या वाक्यात पहिली जागा आहे.

म्हणून डेमोच्या आधीच्या रविवारी मी स्वतः सिलतऱ्याच्या गेटवर गेले. कोणी पाठवलं नव्हतं. ऑफिसात बसून मजुराचं वाक्य कसं लिहायचं? तिथं सुकवारो दीदी भेटली. कोळसा चाळते. तिनं हात पुढे केला. बोटांवर एक रेघ नाही, सगळं गुळगुळीत. म्हणाली, "मशीन ह मोर अंगठा ल नइ चिन्हय, नोनी." नोनी म्हणजे पोरी. मशीन तिचा अंगठा ओळखतच नव्हतं. जुन्या मशीनच्या बाजूला निदान एक मुनशी बसायचा, तो वहीत नाव लिहून आत सोडायचा. नव्या अॅपमध्ये मुनशी नव्हता. माझ्या बाबांचा अंगठाही तसाच. भट्टीनं खाल्लेला.

घरी येऊन मी लिहिलं: बोटांच्या रेघा झिजलेली ठेका कामगार म्हणून, मला गेटवर अंगठ्याशिवाय दुसऱ्या रीतीनं हजेरी लावता आली पाहिजे, म्हणजे कामावर येऊनही मला परत जावं लागणार नाही. खाली चार अटी लिहिल्या. चांगली झाली होती. छोटी, तपासता येईल अशी. मला माहीत आहे, चांगली झाली होती.

डेमो संपला, साहेब गेले. सरांनी मला बसवून घेतलं आणि माझ्यासमोर ती स्टोरी पुसली.

"लिहायला येतं तुला," ते म्हणाले. "फक्त युजर कोण ते कळत नाही. आपल्याला काम देतो तो युजर. मजूर युजर नसतो. मजूर डेटा असतो."

मग त्याच जागी त्यांनी दुसरी लिहिली. सुपरवायझर म्हणून, मला तीनदा अंगठा न जुळलेल्या कामगाराचं नाव बंद करता आलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर कोणी आत घुसणार नाही. लिहिणाऱ्याचं नाव मात्र माझंच ठेवलं. म्हणाले, तुमच्यातल्याच मुलीनं लिहिलं म्हटल्यावर कोणी बोंबलणार नाही.

मी मान हलवली. नोकरी अजून कच्ची होती. हे कारण आहे, माफी नाही.

अॅप सुरू झालं. चौथ्या दिवशी बाबा सकाळी दहालाच घरी आले. डबा तसाच भरलेला. अंगणात बसून कोमट पाण्यात अंगठा बुडवला, मग तेल चोळलं, मग लिंबू. जसं काही रेघा मळाखाली दडल्या आहेत आणि घासल्या की वर येतील. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हाही ते तिथंच होते.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुपरवायझर म्हणे, हा नियम तुह्याच पोरीनं लिवला."

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"काहून लिवला, बाई?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. त्यांना वाटत होतं, शिकलेल्या पोरीनं लिहिलं म्हणजे त्यात काहीतरी कारण असेल, जे आपल्याला कळत नाही. त्या वेळी मला मीटिंगमधलं माझं हसू आठवलं. आणि किळस आली. सरांची नंतर. आधी माझी.

पुढच्या आठवड्यात तेच तीन साहेब आले. पूर्ण झालेल्या स्टोऱ्या वाचून दाखवायचं काम माझं. मी ती स्टोरी वाचली. मग म्हटलं, ही माझी नाही, माझ्या नावावर लावलेली आहे, माझी होती ती पुसली. आणि माझी पाठ होती, ती म्हणून दाखवली. सुकवारोचं नाव घेतलं. बाबांचं घेतलं.

एका साहेबानं विचारलं, "मैडम, ये आपके फ़ादर का पर्सनल मामला है क्या?"

"हव," मी म्हटलं. "पर्सनल है। जिसको गेट से लौटाया, उसका पर्सनल ही होता है।"

सर मराठीत हळूच म्हणाले, "खाली बस."

"नाही बसणार," मी म्हटलं. मोठ्यानं. मराठीतच.

संध्याकाळपर्यंत माझं ओळखपत्र काढून घेतलं, लॉगिन बंद केलं. टीममधला एकही जण दारापर्यंत आला नाही. नियम तसाच राहिला. बाबांचं नाव परत आलं नाही, सुकवारोचंही गेलं. बाबा आता सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभे राहतात, म्हाताऱ्या माणसाला कोणी लवकर उचलत नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही. एवढंच म्हणाले, नोकरी तरी ठेवायची होती.

मी दर रविवारी सिलतऱ्याला जाते. परत पाठवलेली माणसं चहाच्या टपरीमागं उभी असतात. ती बोलतात, मी लिहिते. कोण, काय पाहिजे, कशासाठी. त्यांच्याच बोलीत, खऱ्या नावानिशी. अकरा पानं झाली. ती घेऊन मी कामगार ऑफिसात गेले. बाबू म्हणाला, अर्ज नमुन्यात नाही. नमुन्यात नेला. म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. परत गेले. परत जाईन. त्या बाबूला माझं तोंड पाठ होईपर्यंत जाईन.

माझ्या नावाखाली दुसऱ्याचं वाक्य आता कधीच असणार नाही. आणि बारावं पान मी माझं लिहिलं आहे. त्यात ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या माणसाचं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं आहे. पुसलेलं वाक्य आहे, आणि ते कोणी पुसलं तेही. माझी मान हललेलीही आहे. त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही.