कंदील आणि कापूस यांत दोन हात

विलायतेतून मागणी आली आणि अमरावतीतलं आमचं गोदाम कापसाने खिडक्या झाकतील इतकं भरलं. आत दिवसाही काळोख. मी तिथं मुनीम होतो. कंदील टांगायला बडनेऱ्याचा एक लोहार यायचा. प्रत्येक आकडा ठोकला की कोपर टेकवून मोजायचा. कंदील आणि कापूस यांत पुरते दोन हात हवेत.

एकदा शेटजींनी थप्पी थेट कंदिलांपर्यंत चढवली. लोहाराने ती पाहिली आणि एकेक कंदील उतरवू लागला.

मी खेकसलो, “काहून उतरवून राहिला बे? हमाल अंधारात काम करतीन का?”

“कापूस पेटला तं दाराजवळचा पयते, थप्पीवरचा हमाल जयते. तुमी कुठी बसता, मुनीमजी?”

त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. माझी गादी दाराला लागूनच होती.