क्लॅम्पची उरलेली पट्टी

गाडीचं उजवं पुढचं चाक काढून मी खाली बसलो होतो आणि चाची गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून होती. चाची म्हणजे कासीम उस्तादांची बायको. उस्तादांनी मला हे काम शिकवलं. छातीत कळ आली म्हणून दोन दिवसांपूर्वी त्यांना नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. सकाळी तिथून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, "भाभीला आजच घेऊन या. सारखं विचारून राहिलेत."

चाचीचे गुडघे धरलेले. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. म्हणून मी ओळखीच्या डॉक्टरसाहेबांकडे गाडी मागितली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नव्या कचेऱ्यांत बदलून साहेब लोक आले आणि त्यांच्याबरोबर पुढच्या चाकांवर ओढ घेणाऱ्या छोट्या गाड्या आल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, "खुशाल न्या. पण बूट फाटलाय. नवा डिकीत आहे. तो बसवल्याशिवाय निघू नका."

अशा गाडीत पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही. दोन्ही जमावं म्हणून एक्सलच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. तो ग्रीसमध्ये बुडालेला असतो. ग्रीस बाहेर उडू नये, धूळ आत जाऊ नये, म्हणून त्यावर रबराची चुण्यांची टोपी असते. तिला बूट म्हणतात. बुटाची दोन्ही तोंडं क्लॅम्पने, म्हणजे पत्र्याच्या पट्टीने, आवळतात. क्लॅम्प सैल राहिला की ग्रीस उडतं. त्या वर्षी पाऊस नव्हता आणि रस्त्यावर पिठासारखी धूळ होती. ती जॉइंटात शिरली की तो थोड्या दिवसांत कटकट वाजू लागतो.

बुटाच्या पाकिटात क्लॅम्प नव्हते. कंपनीची चपटी पट्टी औरंगाबादहून यायला चार दिवस लागले असते. उस्ताद अशा वेळी मऊ तारेचे दोन वेढे घालून पिळत. मी आयटीआय शिकलेला. तार रबर कापते, असं मी म्हणायचो.

"मास्तर," ते म्हणायचे, "किताब में तार नहीं लिखी, ये गाडी को मालूम है क्या?"

मी पाइपच्या दुकानात गेलो. दुष्काळात तेवढं एकच दुकान जोरात चालत होतं. टँकरला, बोअरला, मोटारीला पाइप जोडायचे स्क्रूचे क्लॅम्प तिथे हारांसारखे लटकत होते. माझ्या मापाचा नव्हता. दोन मापं मोठा मिळाला.

"जास्तीची पट्टी तोडू नका बरं," दुकानदार आप्पा म्हणाले. "काम झालं की वापस आणा. लोकं एकच क्लॅम्प ह्या पाइपाचा काढून त्या पाइपाला लावून राहिलेत."

तेव्हा गावात कोणीच पट्टी तोडत नव्हतं. मीही नाही तोडली. बूट चढवला, ग्रीस भरलं, स्क्रू आवळला. बोटभर पट्टी बाहेर उरली. ती मी आत दाबली.

उस्तादांची एक रीत होती. चाकाजवळचं काम संपलं की ते स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायला लावत. दोन्ही टोकांना एक्सल हाताने फिरवत आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागावर जुन्या धोतराचं फडकं धरत. फडकं कशात अडकलं तर काम झालेलं नाही. मी मनात हसायचो. डोळे असताना फडकं कशाला?

"हुआ क्या बेटा?" चाचीने दारातून विचारलं.

"झालं चाची," मी म्हणालो आणि चाक चढवलं.

अहमदपूरपर्यंत गाडी नीट चालली. पुढे लोह्याच्या अलीकडे टँकरभोवती घागरींची रांग रस्त्यावर आली होती. मी गाडी मागे घेतली, स्टेअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं आणि कडेने काढली. मग ब्रेक दाबला. पेडल फळीला टेकलं.

गाडी हँडब्रेकवर थांबवून मी खाली वाकलो. उरलेली पट्टी सुटून उभी राहिली होती. क्लॅम्प एक्सलबरोबर फिरतो. चाक पूर्ण वळलं की ब्रेकचा रबरी होज, म्हणजे ऑइलची नळी, त्याच्या जवळ येतो. पट्टीने प्रत्येक फेऱ्याला होजवर एक वार केला होता. ब्रेक ऑइल धुळीत सांडलं होतं.

होज चिमटून बंद करता येतो. मी तो केला. पण ब्रेकची टाकी भरायला ऑइल हवं होतं. रांगेतला एक म्हातारा जवळ आला.

"पाणी चालल का? अर्धा तांब्या हाय."

"त्यात पाणी चालत नाही, बाबा."

"मग बाईला तरी द्या."

चाचीने दोन घोट घेतले आणि तांब्या परत केला. किनवटच्या बाजूला निघालेल्या एका ट्रकवाल्याने शेवटी अर्धी बाटली ब्रेक ऑइल दिलं. तोवर तीन तास गेले होते. उरलेला रस्ता मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

दवाखान्याच्या फाटकात उस्तादांचा भाऊ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"असर की अजान हुई, तब गए, भाभी," तो म्हणाला. "दो बार पूछे, आई क्या." असरची अजान म्हणजे दुपार उतरतानाची; तेव्हा आम्ही टँकरपाशी अडकलो होतो.

पुढे काही दिवसांनी उस्तादांची हत्यारांची पेटी न्यायला दिराबरोबर चाची गॅरेजवर आली. डॉक्टरसाहेबांची गाडी जॅकवर होती. होज नवा टाकला होता, क्लॅम्प अजून तोच होता. तिने विचारलं, नेमकं काय झालं होतं? मी स्टेअरिंग वळवलं, उस्तादांचं फडकं धरलं आणि एक्सल फिरवला. अर्ध्या फेऱ्यातच फडकं पट्टीत अडकलं.



"ये उन्होंने सिखाया नहीं था?" चाचीने विचारलं.

"शिकवलं होतं."

तिने मान हलवली. पेटी दिराने उचलली. फडकं तिने माझ्याकडेच राहू दिलं.

स्क्रूचा क्लॅम्प वाईट नसतो. कंपनीची पट्टी येईपर्यंत तो चालतो. माप बरोबर घ्यावं, उरलेली पट्टी स्क्रूपाशी कापावी, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून फडकं फिरवावं. याला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी ती मी वाचवली.