वामीचं सुतक

बेळगावात नोकरीला लागल्यावर पहिलं वर्षभर माझ्या खोलीवर न चुकता येणारं कुणी असेल, तर ती समोरच्यांची मांजर. तीही दुधाच्या वेळेलाच.

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. मी चिकोडीकडचा, शेतकऱ्याचं पोर. उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला लागलो आणि जवळच्याच गल्लीत खोली घेतली. गावाकडं घरात माणसांची एवढी दाटी, की जेवताना ताट मांडीवर घ्यावं लागे. इथं ताट कुठंही ठेवा, भोवती कुणी नाही! सुट्टीच्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. आवाज शाबूत आहे का, हे बघायला मी एकदा स्वतःलाच हाक मारली. (ओ दिली नाही.) गल्लीतली माणसं भली होती, पण दारावरूनच "काय, जेवलासा?" असं विचारून उत्तराआधी पुढं जाणारी. कुणीतरी आत यावं, बसावं, माझ्याबरोबर दोन घास खावेत, एवढीच माझी इच्छा होती.

तशात मी वेंगुर्ल्याला आक्काकडं गेलो. दाजी तिथं मोटारी दुरुस्त करायचे. त्यांच्या ओळखीच्या एका तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, आम्हांला पहाटे समुद्रात नेलं. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं. त्याला कठडा असतो. इथं कठडाच नाही! दाजी डोळे मिटून होडीच्या तळाशी बसले. मी गरीला बांगड्याचा तुकडा लावून दोर सोडला, आणि थोड्या वेळानं दोरच मला ओढायला लागला.

"दाजी, खडकाला अडकली वाटतं!"

"मग सोड की रं! खडक काय घरी न्यायचाय व्हय?"

पण खडक हलत होता. तांडेल आणि मी मिळून दोर खेचला, तर वर आली मांडीएवढी जाड, माझ्या छातीला लागेल एवढी लांब, काळपट, सापासारखी गुळगुळीत वाम! होडीत पडल्याबरोबर तिनं असा थयथयाट मांडला, की मी फळीवर चढलो आणि दाजी माझ्यावर.

"हात घालू नको! बोटां तोडीत ती!" तांडेल ओरडला आणि माझ्या हातात दांडकं दिलं. "घाल डोक्यार!"

मी घातलं. आधी फळीवर, मग दाजींच्या पायावर आणि शेवटी एकदाचं वामीच्या डोक्यावर.

किनाऱ्यावर आल्यावर तांडेल तुकडे करून देत होता. मी म्हटलं, अजिबात नको, अख्खी नेणार! आयुष्यातली पहिली वाम, ती काय तुकड्यांत दाखवायची? शिवाय माझा डाव वेगळाच होता. एवढी मोठी वाम एकट्याला संपणं शक्यच नाही, म्हणजे माणसं बोलवावीच लागणार. बर्फ घातला, गोणपाटात गुंडाळली, एसटीच्या टपावर चढवली आणि घाट चढून दुपारी बेळगावात हजर.

खोलीमागच्या न्हाणीत गोणपाट उलगडलं, वामीवर दोन बादल्या गार पाणी ओतलं आणि गल्लीभर सांगत सुटलो, "संध्याकाळी माझ्याकडं जेवायला या! काय बेत हाय ते आत्ता सांगणार न्हाय, गंमत हाय!" सगळे म्हणाले, "बघू." (आमच्या भागात "बघू" म्हणजे नाही.) तरीही मी नारळ आणायला बाजारात गेलो.

परत येतो तर काय! माझ्या दारात अख्खी गल्ली! बायका, पुरुष, म्हातारीकोतारी. माझा ऊर भरून आला.

"अवो, बसा की! अजून नारळसुद्धा फोडला न्हाय!"

घरमालकीण सुंदराक्का डोळ्यांना पदर लावत पुढं झाल्या. "नारळ आणलास व्हय? लई गुणाचा हाईस बाबा. पर तुला कसं रं कळलं?"

मी आत डोकावलो. पाटावर माझी वाम! अंगभर हळदकुंकू, वर झेंडूची फुलं, तोंडात तांब्याचा पैसा. आमच्याकडं मेलेला नाग सापडला की त्याला माणसासारखा अग्नी देतात. न्हाणीत तो सापडला होता पाणी तापवायला आलेल्या सुंदराक्कांना.

"आक्का, नाग न्हाय वो! मासा हाय!"

शेजारचे रामाप्पा गल्लीतले जाणकार. त्यांनी वामीच्या पाठभर झालरीसारख्या पसरलेल्या परावर बोट ठेवलं. "केस बघ. नाग म्हातारा झाला की केस फुटत्यात. शंभरीतला हाय ह्यो."

"अवो, वास तरी घ्या!"

"मेल्यावर तुझाबी येईल."

तेवढ्यात मांजर आली आणि पाटाभोवती फिरत केविलवाणी ओरडू लागली. "बघा गं, मुक्या जनावराला सुदिक कळतंय!" म्हणत सुंदराक्कांनी हुंदका दिला.

माझा धीर सुटला. "मासाच हाय त्यो! मी सोता मारलाय, दांडक्यानं!"

इथं चुकलं. रामाप्पा हळू आवाजात म्हणाले, "तू मारलास? मग अग्नी तुलाच द्याय पायजे. आनी मिशी काढाय पायजे."

मिशी! माझ्या एकूण देहावर भरघोस म्हणावं असं तेवढंच होतं.

वामीसाठी काढून ठेवलेली सुरी शेजारीच पडली होती. एक तुकडा पाडून आतलं पांढरं मांस आणि काटे दाखवले असते, तर सगळा उलगडा झाला असता. सगळे हसले असते, आणि हसत हसत आपापल्या घरी गेले असते. मी खोलीभर नजर फिरवली. कुणी माझ्या खाटेवर टेकलं होतं, कुणी माझ्याच तांब्यानं पाणी पीत होतं, आणि सुंदराक्कांचा हात माझ्या पाठीवर होता. वर्षभरात माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. मी सुरी उचलली आणि फळीवर ठेवून दिली.

मिशी रामाप्पांनीच काढली, दोन ठिकाणी कापून. गल्लीमागच्या बांधावर चिता रचली. मी अग्नी दिला आणि असा काही खमंग वास सुटला, की सगळी मंडळी आवंढे गिळत उभी राहिली.

"पुण्यवान जीव," रामाप्पा नाक वर करून म्हणाले. "वास बघा कसा सुटलाय!"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. धूर होता, भूकही होती, आणि खरं सांगायचं तर वर्षभरात पहिल्यांदाच इतकी माणसं माझ्याभोवती होती. सगळ्यांनी माझी समजूत काढली.

आंघोळी करून खोलीवर आलो, तर घरोघरून पिठलंभाकरी आलेली! ज्या घरी मयत होतं तिथं चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात, आणि घरच्यांनी खावं म्हणून सोबत जेवायलाही बसतात. तसे सगळे बसले, मांडीला मांडी लावून. मला ताट मांडीवर घ्यावं लागलं. ढसाढसा रडावं की पोटभर जेवावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

जाताना रामाप्पांनी खांद्यावर हात ठेवला. "धाव्याला येतो आमी सगळी."

नागाचा दहावा करतात, हे मला नवीनच होतं.

"आनी तेराव्याचं जेवान?" मी घाईघाईनं विचारलं. "त्येबी करत्यात न्हवं?"